चार तासं गूळभेंडीची

हुरडा डब्यात भरून घरी नेता येत नाही, ही त्याच्याबद्दलची सगळ्यात मोठी गोष्ट आहे. ज्वारीचा दाणा भरलाय पण अजून हिरवा आहे, दाबला तर चीक निघतो, अशा थोड्याच दिवसांत कणसं कापायची. गोवऱ्यांच्या आगटीत ती खुपसायची, फुलोरा जळून वास सुटला की बाहेर ओढायची आणि हाताला चटके बसत असतानाच तळव्यावर नाहीतर पोत्यावर चोळायची. कोंडा फुंकून टाकायचा आणि मूठभर गरम दाणे समोरच्याच्या हातावर ठेवायचे. गार झाला की हुरडा चिवट होतो, त्याची गोडी उतरते. चोळणाऱ्याला चोळताना खाता येत नाही. तो दुसऱ्याला खाऊ घालतो, मग दुसरा उठतो आणि पहिला खायला बसतो. एका कणसात एकाचं पोट भरत नाही आणि एकट्यासाठी कोणी आगटी पेटवत नाही. शेंगदाण्याची आणि लसणाची चटणी, गूळ, दही, जवळच हरभरा असेल तर त्याचा हुळा, बांधावरच्या बोरीची बोरं, एवढ्यावर जालना जिल्ह्यातलं डिसेंबर-जानेवारीतलं जेवण होतं. त्या जेवणाला घर सोडून शेतापर्यंत जावं लागतं आणि सोबत चार माणसं असावी लागतात. खाणं, फिरणं आणि मैत्री या तीन गोष्टी तिथे वेगळ्या काढताच येत नाहीत.

हे सांगण्याचं कारण असं की या तिन्ही गोष्टींना आपण चैनीच्या खात्यात टाकून ठेवलं आहे. मुलांची शिक्षणं होऊ देत, कर्ज फिटू दे, मुलीचं लग्न होऊ दे, मग निवांत फिरू, मित्रांकडे जाऊ, चवीनं खाऊ, असा हिशोब घरोघरी मांडला जातो. जालन्यासारख्या जिल्ह्यात तो हिशोब कधीच पूर्ण होत नाही, कारण दर तीन-चार वर्षांनी पाऊस तो पुसून टाकतो. माझं म्हणणं साधं आहे. रोजच्या जगण्यातली ही मौज उरलेल्या पैशांतून आणि उरलेल्या वेळेतून करायची गोष्ट नाही. घराला धान्य लागतं, जनावराला कडबा लागतो, तशी ती माणसाला लागते. ती आपोआपही टिकत नाही. तिच्यासाठी रानात ज्वारी लागते, रस्त्यावर बस लागते, गावात सगळ्यांना बसता येईल अशी जागा लागते. म्हणून तिचा विचार घरानं करायला हवा, ग्रामपंचायतीनं करायला हवा आणि सरकारनंही.

हे नुसतं भावनेचं बोलणं नाही. अमेरिकेतल्या हार्वर्ड विद्यापीठानं १९३८ साली काही तरुणांच्या आयुष्याची नोंद ठेवायला सुरुवात केली आणि ते काम पुढच्या पिढीपर्यंत चालू राहिलं. म्हातारपणी कोण धडधाकट आणि समाधानी राहिलं, याचा शोध घेताना पैसा आणि हुद्द्यापेक्षा नात्यांचा कस अधिक महत्त्वाचा ठरला. २०१० साली संशोधक ज्युलियन होल्ट-लुन्स्टॅड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १४८ अभ्यास एकत्र करून तीन लाखांहून अधिक माणसांची माहिती तपासली. ज्यांचे संबंध घट्ट होते त्यांची अभ्यासाच्या काळात जगण्याची शक्यता जवळपास ५० टक्क्यांनी जास्त निघाली. जागतिक आरोग्य संघटनेच्या आयोगानं जून २०२५ मध्ये सांगितलं की जगात दर सहांपैकी एक माणूस एकटेपणानं ग्रासला आहे आणि एकटेपणाशी जोडता येतील असे वर्षाला ८ लाख ७१ हजार मृत्यू होतात. एकटेपणा श्रीमंत देशांचा रोग आहे अशी आपली समजूत असते. त्या अहवालानं उलटं दाखवलं. गरीब देशांत त्याचं प्रमाण जास्त आहे. गाव म्हटलं की माणसं एकमेकांत मिसळलेलीच असणार, हे गृहीत धरून आपण फार काळ चाललो.

मग जालन्यात हुरडा कुठे गेला? ज्वारी गेली, तिच्यामागे तो गेला. रब्बी ज्वारी हे काळ्या रानाचं, जमिनीत मुरलेल्या ओलीवर येणारं पीक. मालदांडी ज्वारीची भाकरी माणसाला आणि कडबा बैलाला, असा तिचा दुहेरी संसार होता. ट्रॅक्टर आला, दावणीचे बैल कमी झाले आणि कडब्याचं घरगुती मोल उतरलं. कापसाची वेचणी जानेवारीपर्यंत लांबते, तेवढं रान रब्बीला मोकळंच होत नाही. सोयाबीनला दारात गिऱ्हाईक मिळतं. त्याच्यामागे पाणी असेल तर गहू, नसेल तर हरभरा. ज्वारी काढायला, बांधायला, कणसं मोडायला मजूर लागतो आणि त्याची मजुरी परवडत नाही. आणखी एक कारण आहे, ते आकडेवारीत सापडत नाही. सगळ्या शिवारात ज्वारी असते तेव्हा पाखरं वाटली जातात. एकाच वावरात ज्वारी उरली की साऱ्या शिवाराची पाखरं तिथेच उतरतात आणि पहाटेपासून गोफण घेऊन राखण करणाऱ्या माणसाला हार मानावी लागते. शेजाऱ्यानं ज्वारी सोडली की आपलीही सुटते. पीक म्हणूनही ज्वारीला सोबत लागते.

यातून हुरडा विकत घ्यायची सोय उभी राहिली आहे. छत्रपती संभाजीनगरच्या आसपास, जालन्याच्या रस्त्यांवर, नगर-पुण्याकडे थंडीत फलक लागतात. माणशी पैसे भरायचे, सकाळी यायचं, हुरडा, जेवण, बैलगाडीची फेरी आणि संध्याकाळी परत. याला नावं ठेवणं सोपं आहे, पण मला ते अन्यायाचं वाटतं. ज्या शेतकऱ्यानं ज्वारी टिकवली, खास हुरड्याची गूळभेंडी किंवा सुरती लावली, त्याला क्विंटलच्या भावापेक्षा चार पैसे जास्त मिळत असतील तर त्यात वाईट काय? त्याच्यामुळेच ते बी अजून जिवंत आहे. राहुरी आणि परभणीच्या कृषी विद्यापीठांनी खास हुरड्यासाठी वाण काढले, तेही या मागणीकडे बघूनच. शहरातल्या मुलाला कणीस कसं दिसतं हे तरी तिथे कळतं. फक्त एक फरक डोळ्याआड होऊ देऊ नये. पैसे देऊन खाल्लेल्या हुरड्याचं देणं संध्याकाळी फिटून जातं. शेजाऱ्याच्या रानात खाल्लेल्या हुरड्याचं देणं फिटत नाही. पुढच्या वर्षी आपल्या रानात त्याला बोलवावं लागतं आणि तो बोलावणं विसरला तर मनाला लागतं. मैत्री त्या न फिटणाऱ्या देण्यावर उभी असते. विकतचा हुरडा असावा, वाढावा. तो एकटाच उरू नये.

आता सगळ्यात कठीण आक्षेप. ज्या मराठवाड्यात २०२३ या एका वर्षात एक हजाराहून अधिक शेतकऱ्यांनी आत्महत्या केल्या, ज्या जिल्ह्यात २०१२-१३च्या दुष्काळात पंधरा-वीस वर्षं लेकरांसारख्या वाढवलेल्या मोसंबीच्या बागा लोकांना वाळताना पाहाव्या लागल्या आणि शेवटी स्वतःच्या हातानं तोडाव्या लागल्या, तिथे खाण्याफिरण्याच्या आनंदाची गोष्ट करणं शोभतं का? हा प्रश्न विचारणाऱ्याचा राग खरा आहे. मित्र कर्ज फेडत नाहीत आणि आगटीभोवतीच्या गप्पांनी कापसाचा भाव वाढत नाही. पीकविमा, हमीभाव, पाणी, व्याज या प्रश्नांची उत्तरं त्या-त्या ठिकाणीच द्यावी लागतील आणि ती टाळण्यासाठी कोणी आनंदाचे गोडवे गात असेल तर त्याला अडवावंच लागेल. पण संकटात माणूस आधी काय सोडतो, तेही पाहा. तो पारावर येणं सोडतो. लग्नाच्या पंगतीला जाणं टाळतो, कारण आहेर करायला पैसे नाहीत. सोयऱ्याकडे जात नाही, कारण तिथे घेणेकरी भेटेल. हातात पैसा नसणं ही एक अडचण आणि कोणाला तोंड दाखवता न येणं ही तिच्यावर चढलेली दुसरी. ज्या भेटीला आहेर लागत नाही, नवे कपडे लागत नाहीत, यजमानाला मांडव घालावा लागत नाही, अशी भेट त्या माणसाला जमेल. आपल्याकडची खर्चिक मौज दिवसेंदिवस वाढत चालली आहे, हे खरं दुखणं. वाढदिवसाचे फलक, लग्नातले डीजे, ढाब्यावरच्या पार्ट्या यांनी कर्ज होतं. चार कणसांनी आजवर कोणी कर्जबाजारी झालेलं नाही. गरिबीत परवडणारी मौज नाहीशी होते आणि न परवडणारी तेवढी शिल्लक राहते, हा गरिबाला बसलेला दुप्पट मार आहे.

आणखी एका गोष्टीकडे डोळेझाक करता येणार नाही. ज्या महिन्यांत हुरडा असतो त्याच महिन्यांत मंठा, परतूर, घनसावंगी, अंबड या भागांतली कितीतरी कुटुंबं गावात नसतात. दिवाळीच्या सुमाराला मुकादमाची उचल घेऊन ती ट्रॅक्टर-ट्रकमध्ये बसतात आणि पश्चिम महाराष्ट्रातल्या किंवा कर्नाटकातल्या कारखान्यांच्या फडांवर उतरतात. कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. फड संपेपर्यंत खोपीत राहायचं, पहाटे अंधारात ऊस तोडायला लागायचं. प्रवास या शब्दाचा त्यांच्यापुरता अर्थ एवढाच. गावात मागे राहतात म्हातारी माणसं आणि शाळेसाठी ठेवलेली पोरं. त्यांच्याकडे बोट दाखवून, ‘मौजेच्या गोष्टी ज्यांचं पोट भरलंय त्यांच्यासाठी’ असं कोणी म्हणेल. मला त्यातून नेमका उलटा निष्कर्ष निघतो. उसाच्या फडावर माणसाकडून काय काय हिरावलं जातं, याची यादी करताना आपण मजुरी, आरोग्य आणि मुलांची शाळा लिहितो आणि तिथे थांबतो. सहा महिने स्वतःच्या माणसांत बसून जेवता न येणं, सणाला गावात नसणं, मैत्रीण न भेटणं, हे नुकसान आहे असं आपल्याला वाटतच नाही, कारण त्या कुटुंबांना आनंदाची गरज असते हेच आपण मनातून मान्य केलेलं नाही. ती गरज मान्य केली की गावातच काम मिळावं या मागणीला पोटाच्या कारणाबरोबर दुसरं तितकंच वजनदार कारण मिळतं. जालना तालुक्यातल्या कडवंचीनं माथा ते पायथा पाणी अडवलं, शेततळी केली, द्राक्षं लावली आणि दुष्काळातही माणसं गावात ठेवली. त्या कामाचा हिशोब नेहमी एकरी उत्पन्नात सांगितला जातो. संध्याकाळी गावात माणसं असतात, हाही त्याच कामाचा हिशोब आहे.

आता बायकांकडे येतो, कारण आगटीभोवती बसणाऱ्यांत त्या कमीच असतात. चटणी त्यांनी कुटायची, दही त्यांनी लावायचं, डबा त्यांनी बांधायचा आणि रानात जायचं पुरुषांनी, ही अनेक घरांतली रीत. मैत्रीच्या बाबतीत तर बाईवर फार जुना अन्याय आहे. मुलगा जन्मला त्याच गावात म्हातारा होतो. त्याचे पहिलीतले मित्र साठाव्या वर्षी त्याच पारावर त्याच्या शेजारी बसलेले असतात. मुलीच्या शाळेतल्या मैत्रिणी मात्र एकेक करून वेगवेगळ्या गावांना नांदायला जातात, आणि मराठवाड्यात अजूनही हे फार कोवळ्या वयात होतं. भोकरदनच्या पोरीची मैत्रीण परतूरला, तिसरी अंबडला. त्या पुन्हा भेटणार कशा? कोणाच्या लग्नात, कोणाच्या दहाव्याला. बाईची मैत्री टिकायची तर मधल्या अंतरावर बस धावली पाहिजे आणि तिकिटासाठी नवऱ्यापुढे हात पसरावा लागता कामा नये.

म्हणूनच १७ मार्च २०२३ पासून एसटीत महिलांना जे अर्धं तिकीट लागू झालं, त्याचं मोल नुसत्या सवलतीपेक्षा जास्त आहे. त्याच्या आदल्या ऑगस्टमध्ये ७५ वर्षांवरच्या ज्येष्ठांचा प्रवास मोफत झाला होता. तेव्हापासून ग्रामीण गाड्यांत दुपारी कोण बसलेलं असतं ते पाहिलं की फरक दिसतो. पिशवीत धपाटे बांधून लेकीकडे निघालेली आजी, बाजाराच्या दिवशी दोघी मिळून गावाला जाऊन येणाऱ्या जावा, राजूरच्या गणपतीला निघालेल्या बचतगटाच्या बायका. यावर चावडीवर आणि काही सुशिक्षित घरांतही एक वाक्य हमखास ऐकायला मिळतं, की तिकीट अर्धं झालं आणि बायका उगाच फिरायला लागल्या. त्या ‘उगाच’ला मला गंभीरपणे उत्तर द्यायचं आहे. पुरुष पिढ्यान् पिढ्या उगाच फिरत आला. तालुक्याला काम नसताना गेला, हॉटेलात बसला, चहा घेतला, बाजारभाव ऐकला, ओळखी केल्या आणि त्या ओळखींवर पुढे सोसायटी चालवली, निवडणुका लढवल्या. त्याच्या उगाच फिरण्याला आपण व्यवहारज्ञान म्हटलं. बाईनं तेच करायचं ठरवलं तर महामंडळाच्या तोट्याचा आकडा पुढे येतो. तोटा खरा असेल, त्याची भरपाई सरकारनं वेळेवर महामंडळाला द्यावी आणि जुन्या गाड्या बदलाव्यात. मुक्कामी गाड्या पुन्हा खेड्यापर्यंत न्याव्यात. ऑक्टोबर २०२१ पासून पुढच्या वर्षीच्या एप्रिलपर्यंत चाललेल्या संपात बस थांबली तेव्हा शाळकरी मुली घरी बसल्या आणि म्हातारी माणसं दवाखान्यापासून तुटली. त्या काळात किती भेटी झाल्या नाहीत, हे कोणी मोजलं नाही.

प्रवास म्हणजे गोवा किंवा मनाली, ही समजूतही फार जुनी नाही. जालन्याहून राजूर सुमारे पंचवीस किलोमीटर. अंगारकीला हजारो माणसं आदल्या रात्री पायी निघतात. रस्त्याच्या कडेला कोणी चहा देतं, कोणी साबुदाण्याची खिचडी, कोणी केळी. नवस असतो, भक्ती असते, आणि रात्रभर मित्राबरोबर चालण्याचं सुखही असतं. भक्तीच्या शेजारी ते सुख ठेवलं म्हणून तिला उणेपणा येत नाही. आषाढीनंतर शेगावच्या गजानन महाराजांची पालखी पंढरपूरहून परतताना गोदावरी ओलांडून शहागड, वडीगोद्री, अंबड, जालना अशी पुढे सिंदखेडराजाकडे जाते. वारकऱ्यांना जेवू घालायला गावं एकमेकांशी चढाओढ करतात. समर्थ रामदासांचं जन्मगाव जांब याच जिल्ह्यातलं; ते लहानपणी घराबाहेर पडले आणि परंपरा सांगते त्याप्रमाणे बारा वर्षं देश पायी हिंडले. दासबोधात आळसावर कडक बोल आहेत, आणि ‘काम सोडून गप्पा कसल्या’ म्हणणारे त्यांचाच आधार घेतात. पण आळस वेगळा आणि सवड वेगळी. आळशी माणूस आगटीला गोवऱ्याही आणणार नाही.

वर पालखीच्या मुक्कामांत वडीगोद्रीचं नाव आलं. त्याच अंबड तालुक्यातल्या अंतरवाली सराटीत २९ ऑगस्ट २०२३ रोजी मनोज जरांगे यांचं मराठा आरक्षणासाठी उपोषण सुरू झालं, १ सप्टेंबरला तिथे लाठीमार झाला आणि गावाचं नाव देशभर गेलं. जून २०२४ मध्ये लक्ष्मण हाके आणि नवनाथ वाघमारे ओबीसींच्या आरक्षणासाठी वडीगोद्रीला उपोषणाला बसले. दोन्ही गावं एकमेकांच्या शेजारची. आरक्षणाचा निकाल न्यायालयात आणि विधिमंडळात लागेल. त्यावर माझं मत इथे मांडत नाही. पण या काळात गावागावांतल्या उठबशीवर ताण आला, वर्षानुवर्षांचे मित्र एकमेकांच्या दारात जायला कचरू लागले, हे या भागातला कोणीही सांगेल. अशा वेळी हुरड्याचं बोलावणं कोणाला जातं आणि कोणाला जात नाही, ही साधी गोष्ट राहत नाही.

इथे एक जुनी आणि खरी हरकत उभी राहते. पूर्वी सगळं गाव एकत्र बसून हुरडा खायचं, असं म्हणणं खोटं आहे. आगटीभोवतीच्या वर्तुळाला जातीची कड होती. ज्यानं पाखरं राखली, ज्यानं ज्वारी काढली, त्याच्या ओंजळीत पुष्कळदा लांबूनच दाणे पडत. आणि एकत्र जेवण्यानं जात मोडत नाही, हे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९३६च्या ‘जातिनिर्मूलना’च्या निबंधात स्पष्ट सांगितलं, त्यांच्या मते खरा उपाय आंतरजातीय विवाह. अनंत हरी गद्रे यांनी झुणका-भाकरीची सहभोजनं तळमळीनं घातली, पण जेवून उठल्यावर माणसं आपापल्या आळीत परत गेली. मी बाबासाहेबांचं म्हणणं पूर्ण मान्य करतो. सहभोजनानं जात जात नाही. पण भोजन थांबलं की द्वेष मात्र भराभर वाढतो, हेही आपण अलीकडे पाहिलं. शिवाय समारंभातलं सहभोजन आणि मित्रांचं जेवण यांत अंतर आहे. समारंभात माणूस तत्त्वासाठी शेजारी बसतो. मित्राच्या रानात तो त्या माणसासाठी बसतो, आणि त्या माणसाच्या जातीवर पुढे कोणी काही बोललं तर त्याला ते अंगाला लागतं. म्हणून जुन्या हुरड्याचं गुणगान न करता नवा हुरडा हवा, ज्यात वर्तुळ पहिल्यापेक्षा मोठं असेल आणि बायका चटणी कुटून घरी थांबणार नाहीत. खरपुडीच्या कृषी विज्ञान केंद्रात महिन्याच्या चर्चासत्राला वेगवेगळ्या गावांचे शेतकरी येतात. ते खत-औषधाचं बोलायला येतात, पण मधल्या वेळेत ओळखी होतात आणि एकमेकांचं रान बघायला जाणं सुरू होतं. कामाच्या निमित्तानं जमलेली मैत्री जातीची कड पुष्कळदा सहज ओलांडते.

जालना शहराबद्दल थोडंच सांगतो. २०११ मध्ये इथे पावणेतीन लाखांहून अधिक माणसं होती, आज त्याहून बरीच आहेत. पोलादाच्या भट्ट्यांवर आणि रोलिंग मिलमध्ये बिहार, उत्तर प्रदेश, मध्य प्रदेशातून आलेले तरुण तापलेल्या सळईसमोर पाळी संपवतात आणि खोलीवर जाऊन डाळ-भात शिजवतात. ते या शहरात वर्षानुवर्षं राहतात आणि शहरातल्या एकाही घराचा उंबरा ओलांडत नाहीत. धुळवडीला निघणारी हत्ती रिसाल्याची मिरवणूक शंभराहून जास्त वर्षं चालत आली, कारण त्या दिवशी रस्ता सगळ्यांचा असतो. मोती तलावाच्या काठी बसायला सावली, रात्री चालू राहणारी बस, पाळीवरून सुटणाऱ्याला चार माणसांत बसून खाता येईल अशा हातगाड्यांना हक्काची जागा, या गोष्टी महानगरपालिकेच्या अंदाजपत्रकात सुशोभीकरणाच्या नावाखाली शेवटच्या पानावर जातात. त्या पाण्याच्या आणि दिव्याच्या पानावर याव्यात, एवढीच मागणी आहे.

आणि गावासाठी? जालना हे बियाण्याचं शहर. बद्रीनारायण बारवाले यांनी १९६४ साली इथे महिको ही बियाण्यांची कंपनी उभी केली, १९९८ साली त्यांना जागतिक अन्न पुरस्कार मिळाला, आणि जालन्याचं बी देशभरच्या रानात पडलं. गूळभेंडीचं गावरान बी मात्र बहुधा कोणाच्या तरी घरात, राखेत घोळून मडक्यात ठेवलेलं असतं आणि मागितल्यावर मिळतं. रब्बी ज्वारीची पेरणी सप्टेंबरच्या मध्यापासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत उरकते. पेरणीच्या ओळीला शेतकरी तास म्हणतो. एकरच्या एकर ज्वारी लावा, असं मी म्हणत नाही. हरभऱ्याच्या कडेनं, बांधालगत, येणाऱ्याजाणाऱ्याला हाक मारता येईल अशा बाजूला चार तासं गूळभेंडीची टाकली तर उत्पन्नात फारसा फरक पडत नाही. एकट्यानं टाकली तर पाखरं ठेवणार नाहीत. म्हणून पेरणीच्या आधी बांधाला बांध लागलेल्या तिघा-चौघांनी एकदा एकत्र बसून ठरवावं, की यंदा प्रत्येकानं चार तासं टाकायची. शेजारच्याशी गेल्या दोन वर्षांत बोलणं थांबलेलं असेल, तर ओंजळभर बी मागायला आधी त्याच्याच घरी जावं.